चोवीस ग्रॅम

७ फेब्रुवारी

मेव्हणे,

पत्राची सुरुवात कशी करतात ते मला माहीत आहे. पण एकमेकांची खुशाली विचारावी असं आपल्यात काही उरलेलं नाही, म्हणून थेट कामाचं लिहितो. एक तांत्रिक शंका आहे. ती माझी नाही, एका ओळखीच्या माणसाची आहे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या कारखान्यात चांगल्या जागेवर आहात असं तुमची बहीण सांगते. (फोन तिलाच येतात, मी विचारत नाही.)

शंका अशी. इलेक्ट्रॉनिक काटा गरम जागी ठेवला, समजा वाफेच्या यंत्राशेजारी, तर तो वजन जास्त दाखवतो का? किलोमागे वीस-पंचवीस ग्रॅम?

एवढंच. कागद अर्धा उरला आहे, वाया जाऊ नये म्हणून इकडचं लिहितो.

खिळेवाल्याचं दुकान गेलं. तिथे आता फक्त मेणबत्त्या मिळतात. मी मुद्दाम आत जाऊन पाहिलं. एक उचलली तर तिथली मुलगी म्हणाली, "काका, ती जाळायची नाहीये." मग कशाला विकता, असं विचारणार होतो, पण उत्तर कळलं नसतं म्हणून खाली ठेवली. रद्दीवाल्याच्या जागी लोक पैसे भरून आरशासमोर एका पायावर उभे राहतात. परवा सामान पोचवणाऱ्या एका माणसाने पत्ता विचारला. मी म्हणालो, "खिळेवाल्याच्या समोर, रद्दीवाल्याच्या अलीकडे." तो म्हणाला, "काका, ही दोन्ही दुकानं फोनवर दिसत नाहीत." मी म्हणालो, "इथेही दिसत नाहीत, पण पत्ता तोच आहे." तो दुसऱ्या कोणाला तरी विचारायला गेला. तेहतीस वर्षं मी या गल्लीत वजनं जुळवत बसतो, आणि पत्ता मीच चुकीचा सांगतो की काय, असं मला वाटायला लागलं.

नवीन आलेल्यांत मला कळते अशी एकच, कॉफीवाली. पिशव्यांच्या दुकानाच्या जागी आली आहे. ती प्रत्येक कपाची पूड तोलते. अठरा ग्रॅम. साडेसतरा भरली तर चमच्याच्या टोकाने घालते, साडेअठरा भरली तर काढते. एका कपासाठी. मी पहिल्या दिवशी बाहेर उभं राहून सात कप पाहिले.

धान्यवालाही महिनाअखेरीला बंद करतो आहे. एक्केचाळीस वर्षं झाली. जाणारा प्रत्येक जण आपली लोखंडी वजनं माझ्याकडे आणून ठेवतो. "तुमच्याच हातची आहेत, तुम्हीच ठेवा," म्हणतात. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कॉफीवाली म्हणाली, दाराला टेकू म्हणून द्या. मी नाही म्हणालो. वजन हे तोलायला असतं.

शंकेचं उत्तर पाठवा. कार्डावर पाठवलं तरी चालेल.

तुमच्या बहिणीचा नवरा


२१ फेब्रुवारी

मेव्हणे,

तुमचं कार्ड मिळालं. "काटे चुकतात. पण सगळे एकाच बाजूला, एकाच आकड्याने चुकत नाहीत. ताईला सांगा, गुडघा शेकायचा." गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला माझा गुडघा आठवतो, तुम्हाला नाही." असो.

ओळखीचा माणूस म्हणजे मीच, हे तुम्ही ताडलंच असेल.

झालं ते असं. बाई इतकी काटेकोर, तर तिचा काटा एकदा तपासून द्यावा, अशा चांगल्या हेतूने मी थोरल्याला घेऊन तिच्याकडे गेलो. फडक्यात गुंडाळून, नेतात तसा. थोरला कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको, पण तिला सांगावं लागलं. पितळेचा, एक किलोचा, वर मुंडी, मुंडी फिरवली की आत पोकळी. गल्लीतली सगळी लोखंडी वजनं मी याच्याशी जुळवतो. वजन झिजलं की त्याच्या बुडाच्या भोकात शिसं ठोकायचं, थोरल्याच्या समोरच्या पारड्यात ठेवायचं, काटा मधोमध आला की झालं. तिला फार आवडलं. म्हणाली, "म्हणजे हा सगळ्यांचा बाप." मी म्हणालो, "थोरला भाऊ."

मग तिने तो काट्यावर ठेवला. १०२४.

मी म्हणालो, "तुमचा काटा बिघडलाय."

"नवाकोरा आणलाय, काका."

"मग बिघडलेलाच आणलाय."

"बदलून देतील का?"

"मी लिहून देतो," असं मी म्हणालो. तिला लिहूनही दिलं, सही करून. तो कागद तिने यंत्रावर चिकटवून ठेवला आहे.

तुमचं कार्ड आल्यावर मात्र झोप नीट लागेना. पार्सलच्या कचेरीत गेलो. तिथला काटा दहा-दहाच्या टप्प्याने दाखवतो. १०२०. तो कारकून म्हणाला, "काय पाठवायचंय?" मी म्हणालो, "काही नाही." "कुठे?" "कुठेच नाही." त्याने मला बाजूला उभं केलं. मग सोनाराकडे गेलो. तो कधी माझं गिऱ्हाईक नव्हता, त्यामुळे त्याच्यासमोर जायला फार जड गेलं. १०२४.१. हा वरचा दशांश एक माझ्या बोटांचा असेल.

नऊ वर्षांपूर्वी, आमच्याकडे राहून दुकानात हात लावायचात तेव्हा, जेवताना तुम्ही म्हणाला होतात, "दाजी, थोरला पंधरा ग्रॅमनं जड आहे." त्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं होतंत, मला न विचारता, डब्याच्या पिशवीत, फडकंसुद्धा न गुंडाळता. त्या पिशवीवरून मी जे बोललो ते आठवतं. पंधरावर काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच बोललो नाही.

पंधरा आणि नऊ किती होतात, हे शाळेत न जाताही मला येतं.

पण मला अजून कळत नाही. प्रत्येक शनिवारी मी त्याला पुसतो. जास्त कसा होईल? पुसून वस्तू झिजते, वाढत नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. सविस्तर लिहिलंत तरी वाचीन.

दाजी


८ मार्च

मेव्हणे,

सविस्तर उत्तर आलं. चार पानं, आकृतीसकट. आकृतीची गरज नव्हती, मुंडीच्या आत काय आहे ते मला माहीत आहे. पण फडक्याबद्दल तुम्ही लिहिलंत, तिथे मी दोन दिवस अडकलो. दुकानात असताना तुम्ही ते पाहिलेलं आहे, तरी पुन्हा लिहितो.

थोरला घेतला त्या वर्षी माझ्या मनात आलं की दर शनिवारी पॉलिश लावून पुसतो, फडक्यावर काळं येतं, ते काळं म्हणजे पितळच की. किती जातं ते कळायला हवं. मग मी वर्षाच्या सुरुवातीला कोरं फडकं तोललं, वर्षभर त्याच फडक्याने पुसलं, धुतलं नाही, आणि शेवटी पुन्हा तोललं. एक ग्रॅम वाढलं होतं. मला फार आनंद झाला. हे कोणी पुस्तकात लिहिलं नसेल, असं वाटलं. तेव्हापासून दर वर्षी, थोरला घेतला त्याच तारखेला, एक ग्रॅम शिसं कापून, पानासारखं ठोकून, मुंडी उघडून आत घालतो. झिजेची भरपाई म्हणून. एकही वर्ष चुकलो नाही. ताप होता त्या वर्षीही घातलं. तुमच्या बहिणीने हात धरला होता.

तुम्ही लिहिता, फडक्यावरचा ग्रॅम पॉलिशचा होता. पॉलिश, धूळ आणि हाताचं तेल. पितळ त्यात नावालाही नाही.

हे वाचून मी फडकं हातात घेऊन बसलो. तुमची बहीण म्हणाली, "नुसतं बघताय काय, धुवायला टाका."

आता मला हिशेब लागत नाही. पैशांचा नाही, माणसांचा. थोरला जड, म्हणजे गल्लीतलं प्रत्येक वजन जड. म्हणजे धान्यवाल्याने किलो म्हणून जास्त दिलं, चोवीस वर्षं, दर वर्षी थोडं थोडं वाढवत. खिळेवाल्याने खिळे जास्त दिले. रद्दीवाला तर तोलून विकत घ्यायचा, म्हणजे त्याने लोकांकडून किलोमागे जास्त कागद घेतला, तेही अनवधानाने, आणि तो बिचारा प्रामाणिकपणाचा केवढा दिमाख मिरवायचा. कोणाचं बुडालं, कोणाचं वाढलं? लांबलांबून लोक आपल्या गल्लीत यायचे, इथलं सामान पुरतं म्हणायचे. ते माझ्यामुळे यायचे का? आणि एकामागून एक दुकानं उठली, तीही माझ्यामुळे उठली का? की भाडी वाढली म्हणून? मेणबत्तीवाली काहीच तोलत नाही आणि तिचं चाललं आहे.

सरकारी शिक्का मारायला यायचे ते साहेब आठवतात? वजनाला हात न लावता शिक्का मारायचे. "तुमच्या हातून गेलंय ना, मग बघायला नको," म्हणायचे. तेव्हा मला ते फार बरं वाटायचं.

धान्यवाल्याकडे निरोपाला गेलो होतो, अठ्ठावीसला. दुकान रिकामं होतं, फक्त खुर्च्या. तिथे सांगायचं ठरवून गेलो होतो. तेवढ्यात तो स्वतःच उभा राहिला आणि बोलायला लागला. बोलणारा माणूस नाही तो, तुम्हाला माहीत आहे. म्हणाला, "एक्केचाळीस वर्षांत मी एका गोष्टीची फिकीर केली नाही. वजनाची. आमच्या गल्लीत किलो म्हणजे किलो." आणि माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉफीवालीनेही वाजवल्या. मी नमस्कार केला.

घरी आल्यावर चपला काढता काढता तुमची बहीण म्हणाली, "नमस्कार काय करत होतात?"

दाजी


१६ मार्च

मेव्हणे,

धान्यवाल्याला सांगितलं. लेकीच्या घरी राहतो आता, सातव्या मजल्यावर. बाल्कनीत बसून डाळ निवडत होता. निवडलेलीच डाळ होती, पाकिटातली.

मी सगळं सांगितलं. फडकं, शिसं, चोवीस. तो रागावेल असं धरून गेलो होतो. त्याच्या रागाला काय उत्तर द्यायचं ते जिन्यातच जुळवलं होतं, कारण लिफ्ट बंद होती आणि वेळ भरपूर होता. पण तो रागावला नाही. ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे लोक वजनाला यायचे?"

मी म्हणालो, "तुमचा मालही चोख होता."

"तसं नव्हे. मला वाटायचं, माझ्या बोलण्याला येतात. माझ्या शब्दावर." मग ताट पुन्हा मांडीवर ओढून म्हणाला, "बायको सांगायची, तुम्ही तोंड उघडलं की गिऱ्हाईक पळेल. मी मानायचो नाही."

तुम्हीच सांगा, काय बोलायचं होतं? त्याचं धान्य गेलं त्याचं त्याला काही नाही. जे मी त्याच्याकडून घेतलंच नव्हतं, तेच मी परवा त्या बाल्कनीत बसून काढून घेतलं. मी न सांगता गेलो असतो तर त्याच्याकडे ते राहिलं असतं. मग खरं सांगणं बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. एरवी मी काट्याकडे बघून अर्ध्या ग्रॅमचाही फरक सांगतो.

निघताना त्याने विचारलं, "मग तुमच्या मेव्हण्याचं काय?"

आता ही गोष्ट मी तुम्हाला कधी लिहिली नाही, आणि तुमच्या बहिणीनेही तुम्हाला सांगितलेली नाही, असं ती शपथेवर सांगते. तुम्ही गेलात तेव्हा गल्लीत सगळे विचारायला लागले. नोकरी लागली म्हणून गेला, असं मी म्हणायला हवं होतं. तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, "त्याचा हात बरोबर नव्हता. वजनं बिघडायला लागली, म्हणून काढला." खिळेवाल्याला सांगितलं, रद्दीवाल्याला सांगितलं, धान्यवाल्याला दोनदा सांगितलं. धान्यवाल्याने तर तुम्ही जुळवलेली सगळी वजनं परत आणून दिली होती, मी ती पुन्हा थोरल्याशी जुळवली. म्हणजे तुम्ही थोडीफार बरोबर केलेली मी पुन्हा बिघडवली.

हे मी धान्यवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता हे बाकीच्यांना कुठे जाऊन सांगणार?" खिळेवाला परदेशात मुलाकडे आहे. रद्दीवाला कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. एक एक दुकान उठलं तेव्हा मला आतून थोडं हलकं वाटायचं, आणि का वाटतं ते कळत नव्हतं. आता कळतं. एक माणूस कमी व्हायचा, ज्याच्यासमोर कधीतरी उभं राहावं लागलं असतं.

तुमची बहीण हे वाचून म्हणते, "दुकानाचंही लिहा, नाहीतर मी फोन करते." तर लिहितो. एकतीस मार्चला मला जागा खाली करून द्यायची आहे. मालकाने डिसेंबरातच कळवलं होतं. तिथे कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान येणार आहे. मी विचारलं, "कुत्र्यांचं वजन करता का?" तो माणूस म्हणाला, "करतो, पण आमचा काटा आहे."

दाजी


२३ मार्च

बारकू,

तुझं पत्र आलं. एकच ओळ आहे आणि ती रागाची आहे. बरोबर आहे. "नऊ वर्षं ताईच्या घरी यायला लाज वाटली, ती यासाठी?" मला वाटत होतं तू आकसाने येत नाहीस. गल्लीत लोक तोंड फिरवतात म्हणून येत नव्हतास, हे मला माहीतच नव्हतं. त्या वर्षी सुट्टीत येऊन दुसऱ्या दिवशी गेलास, तेव्हा खिळेवाला तुला काय म्हणाला ते तुझ्या बहिणीने काल सांगितलं. ती कणीक मळत होती. मळून होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

मला उत्तर द्यायचं नाही. काय झालं तेवढं सांगतो.

गल्लीत वजनाने विकणारं आता एकच माणूस आहे. कोपऱ्यावरची भाजीवाली. तिच्याकडे गेलो. भर दुपारी, गिऱ्हाईक असताना, मुद्दाम. म्हणालो, "तुमची वजनं जड आहेत. चूक माझी आहे. मेव्हण्याने नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, मी त्यालाच खोटं पाडलं आणि गल्लीभर त्याचं नाव खराब केलं."

ती आधी समजलीच नाही. मग समजली.

"म्हणजे मी जास्त देत होते?"

"हो."

"आणि वरून पारडं टेकवून देत होते, ते वेगळं?"

"हो."

"आणि वरून मूठभर कोथिंबीर?"

"त्याचं मला माहीत नाही."

"माझे टमाटे परत द्या," असं म्हणून तिने अख्ख्या रस्त्यासमोर मला धुतलं. मेणबत्तीवाली बाहेर आली. आरशासमोर उभी राहणारी माणसं दोन पायांवर बाहेर आली. कॉफीवाली हात पुसत आली आणि हळूच म्हणाली, "काका, मग माझा काटा बरोबर होता?" मी म्हणालो, "बरोबर होता. तो कागद काढा." ती म्हणाली, "राहू दे, छान अक्षर आहे."

भाजीवाली दमल्यावर बसली. मग विचारलं, "आणि तो पोरगा? चश्मेवाला? आमच्याकडून रोज एक काकडी घ्यायचा तो?"

"तोच."

"त्याला मी काय काय बोलले होते," ती म्हणाली. मग तिने भाजीवर पाणी मारलं. शेवटी पाचही वजनं माझ्या पुढ्यात सरकवली. "तुम्ही एकतीसला जाणार. त्यानंतर मी कोणाकडे जाऊ? जायच्या आधी नीट करून द्या. आणि त्याच्यासमोर करा, मला तुमचा भरवसा नाही."

ती वजनं आता माझ्या टेबलावर आहेत. बुडातलं शिसं काढायला घेतलं तर मला कळेना, किती काढायचं. चोवीसच्या चोवीस? की मधल्या काळात जुळवली तेव्हा जेवढं जास्त होतं तेवढंच? कॉफीवालीच्या काट्यावर लावून बघा, असं तुझी बहीण म्हणते. सोपं आहे, खरं आहे. पण माझा हात तिकडे जात नाही. इतकी वर्षं थोरल्यावरून काटे तपासले, आता काट्यावरून वजन तपासायचं, आणि तो काटा कोणावरून तपासला होता, हे मी कोणाला विचारू? पूर्वी हा प्रश्न मला पडत नव्हता, कारण उत्तर माझ्या टेबलावर होतं. थोरल्याची मुंडी मी काल उघडली. शिशाची पानं एकमेकांवर चिकटून त्यांचा एकच गोळा झाला आहे. पहिलं कोणतं आणि शेवटचं कोणतं, ते मलाही सांगता येत नाही. मुंडी लावून ठेवली.

फोन करा, असं ती म्हणते. फोनवर मी भांडतो, तुला माहीत आहे. म्हणून लिहितो.

तू ये. एकतीसच्या आधी, दुपारी ये, म्हणजे भाजीवाली असेल, कॉफीवाली असेल, धान्यवाल्याला मी खाली बोलावतो, लिफ्ट सुरू झाली आहे. त्यांच्यासमोर तू वजनं जुळव. मी पारडं धरीन. कोणी विचारलं, की हा कोण, तर मी सांगीन. ते पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, पण सांगीन.

कारखान्यातून एक किलो घेऊन ये. खरा. डब्याच्या पिशवीत आणलास तरी चालेल.

मी तो तपासणार नाही.

तुझा दाजी